तारेखालून दोरा कसा न्यायचा

मेडिकलच्या काउंटरवर 'दातांना तार लावलीय, फ्लॉस द्या' म्हणणाऱ्याच्या हातात साध्या फ्लॉसची, म्हणजे दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याची, डबी ठेवणं म्हणजे सुईशिवाय दोरा देणं. मी स्वतः ब्रेसेस लावल्या तेव्हा माझंही असंच झालं होतं. दुकान माझंच, आणि चुकीची वस्तूही मीच घेतली.

ब्रश मऊ आणि पेस्ट फ्लोराइडची घ्या. ब्रॅकेटच्या (दातावर चिकटवलेली, तार धरणारी चौकट) वरून आणि खालून, दोन्हीकडून तिरकं घासा. झालं.

मग फटीत घालायचा बारका इंटरडेंटल ब्रश. तो रंग सांगून मागू नका, एका कंपनीचा निळा दुसरीच्या निळ्याच्या मापाचा असेलच असं नाही. फटीत नीट बसला पाहिजे, पण रेटावा लागता कामा नये.

आता दोरा. एक टोक कडक असलेला सुपरफ्लॉस घ्या, नाहीतर साधा फ्लॉस हातभर (साधारण 45 सेंमी) तोडून थ्रेडरमध्ये (दोरा तारेमागून न्यायची प्लास्टिकची सुई) ओवा. कडक टोक दोन ब्रॅकेटच्या मधोमध, हिरडीच्या बाजूने तारेमागून घाला आणि दाताच्या चावायच्या कडेकडे बाहेर काढा. तेच टोक जिभेच्या बाजूला वळवा. दोरा मागेपुढे सरकवत हळूच फटीत उतरवा. करवतीसारखा ओढलात तर हिरडी कापेल. आत गेला की एका दाताला बिलगवून वरखाली करा, मग शेजारच्या दाताला.

खरी गोची बाहेर काढताना होते. मी सवयीने दोरा सरळ तारेकडे हिसकला आणि मागच्या दाढेचा ब्रॅकेटच निखळला. हिसकू नका. एक टोक सोडा आणि दुसऱ्याने दोरा सावकाश ओढून घ्या. पहिल्या दिवशी सगळं तोंड करायला पंधरा मिनिटं लागतील, म्हणून हे रात्री एकदाच करा. थोडं रक्त आलं म्हणून थांबू नका. सुजलेल्या हिरडीतून येतंच, पण दोन आठवडे उलटले तरी येत असेल तर डेंटिस्टला दाखवा. टूथपिकचं नावही नको. ती तुटून अडकलेली मी पाहिलीय.

चिक्की, उसाचं कांडं, बर्फ बंद. पेरू बारीक फोडी करून.

तारेचं टोक गालाला टोचत असेल तर ते कोरडं करून वाटाण्याएवढं ब्रेसेसचं मेण दाबून बसवा आणि डॉक्टरांना फोन करा. नेलकटर मागायला येणारे बरेच असतात. मी देत नाही, कापलेला तुकडा सरळ घशात जाऊ शकतो.