गड्ड्याचा व्हिडिओ लाल झाला तर: एडिटिंग प्रोजेक्टमधल्या हरवलेल्या फाइली पुन्हा कशा जोडायच्या

"दाजी, सगळं लाल झालंय. मी काहीच डिलीट केलं नाही, आईशप्पथ!"

मार्चमधली रात्र, साडेदहाचा सुमार आणि फोनवर धाकटा मेहुणा. गड्ड्याच्या यात्रेचा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा, घरचा व्हिडिओ तो तीन रविवार बसून जोडत होता. नंदीध्वजांची मिरवणूक, सम्मती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं दारूकाम आणि मधेमधे पाळण्यात बसून किंचाळणारी घरची पोरं. लॅपटॉप फार हळू चालतो म्हणून त्याने तो दुरुस्तीला दिला. नवी एसएसडी बसून आली, याने हौसेने प्रीमियर हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर बाराबंदीतले भाविक दिसायचे तिथे लाल पडदा आणि त्यावर ‘मीडिया ऑफलाइन’.

मी म्हटलं, "कशालाही हात लावू नकोस. सेव्ह न करता बंद कर आणि झोप. उद्या येतो."

अशा वेळी व्हिडिओ बहुतेकदा गेलेला नसतो. प्रोजेक्ट फाइलमध्ये व्हिडिओ मुळात नसतोच, तिच्यात असतात फक्त पत्ते: कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात, कुठल्या नावाची फाइल आणि तिच्यातला कितव्या सेकंदापासून कितव्यापर्यंतचा तुकडा घ्यायचा. म्हणून तर चाळीस जीबीच्या चित्रीकरणाचं प्रोजेक्ट काही एमबीत मावतं. साखर पेठेतलं घर सोडून माणसं जुळे सोलापुरात राहायला गेली आणि लग्नाची पत्रिका जुन्याच पत्त्यावर पडली, तसा हा प्रकार. माणसं धडधाकट आहेत, पोस्टमनला सापडत नाहीत इतकंच.

तुम्ही घेतलेली मेहनत, म्हणजे कट, ट्रान्झिशन, आवाजाचे चढउतार, टायटल, हे सगळं मात्र प्रोजेक्ट फाइलमध्येच असतं. मेहुण्याच्या त्या लाल पडद्यावरही ‘अक्षता सोहळा’ ही पिवळी अक्षरं नीट झळकत होती. ती पाहून मला हायसं वाटलं, त्याला रडू आलं.

पायरी १: आधी हात आवरा

टाइमलाइनवरचे लाल तुकडे पुसू नका. तेच व्हिडिओ पुन्हा इम्पोर्ट करून नव्याने ओढूही नका. असं केलं की सॉफ्टवेअर त्यांना नवीन फाइली समजतं आणि जुने कट लालच राहतात. प्रोजेक्ट फाइलची एक कॉपी काढून वेगळ्या फोल्डरात ठेवा. पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर.

पायरी २: जुना पत्ता वाचा आणि कागदावर लिहा

प्रीमियरमध्ये प्रोजेक्ट उघडताना ‘लिंक मीडिया’ची खिडकी येते, तिच्यात प्रत्येक फाइलचा जुना पत्ता दिसतो. बाकीच्या सॉफ्टवेअरांत हरवलेल्या फाइलींच्या यादीत किंवा क्लिपच्या प्रॉपर्टीजमध्ये तो मिळतो. आमच्या कागदावर आलं: डी ड्राइव्ह, गड्डा, कार्ड १. नव्या एसएसडीत डी ड्राइव्हच नव्हता. सगळा जुना डेटा सी ड्राइव्हवरच्या ‘ओल्ड डेटा’ नावाच्या फोल्डरात कोंबून दिला होता. निम्मा उलगडा तिथेच झाला.

तुमच्याकडे कारण वेगळं असू शकतं. माझ्या पाहण्यात वारंवार येणारी ही:

एक्स्टर्नल डिस्कचं अक्षर बदललं. काल ई होती, आज आधी पेन ड्राइव्ह खोचला म्हणून एफ झाली.

वनड्राइव्हने डेस्कटॉपचा बॅकअप सुरू केला. तेव्हा डेस्कटॉप हा फोल्डरच वनड्राइव्हच्या पोटात सरकतो. तुमच्या डोळ्यांना फाइल जागच्या जागी दिसते, पण पत्ता बदललेला असतो. फाइलपुढे ढगाचं चिन्ह असेल तर ती लॅपटॉपवर उतरलेलीही नसते. उजवी क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा आणि उतरेपर्यंत थांबा.

झिप न सोडवताच आतून व्हिडिओ ओढला. गुगल ड्राइव्हवरून एकदम दहा व्हिडिओ उतरवले की झिप येते. तिच्यातून थेट ओढलेली फाइल विंडोज तात्पुरत्या फोल्डरात ठेवतं आणि तो फोल्डर कधीतरी साफ होतो.

कार्ड रीडरमधल्या कार्डावरूनच एडिटिंग केलं आणि कार्ड परत कॅमेऱ्यात गेलं. यावर काय बोलणार!

फाइल कुठे गेली तेच कळत नसेल तर ‘एव्हरीथिंग’ नावाचं छोटं मोफत सॉफ्टवेअर घ्या. नाव टाइप करता करता सगळ्या ड्राइव्हवरच्या त्या नावाच्या फाइली समोर येतात. विंडोजचा स्वतःचा शोध त्यापुढे बैलगाडी आहे.

पायरी ३: जुनाच पत्ता पुन्हा उभा करता येतो का पाहा

लोक थेट रीलिंकवर, म्हणजे सॉफ्टवेअरला नवा पत्ता सांगण्यावर, उडी मारतात. पण फाइली पहिल्या जागी, पहिल्या नावाने परत ठेवल्या तर प्रोजेक्टला काही सांगावंच लागत नाही. फोल्डरचं नाव कुणी ‘गड्डा’चं ‘गड्डा फायनल’ केलं असेल तर ते परत ‘गड्डा’ करा आणि प्रोजेक्ट उघडा. काम झालं.

डिस्कचं अक्षर बदललं असेल तर विंडोजमध्ये असं करा. आधी एडिटिंग सॉफ्टवेअर बंद करा. विंडोजची कळ आणि एक्स एकदम दाबा, ‘डिस्क मॅनेजमेंट’ निवडा. तुमच्या एक्स्टर्नल डिस्कच्या पट्टीवर उजवी क्लिक, मग ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, मग ‘चेंज’, आणि जुनं अक्षर निवडा. ते अक्षर यादीत दिसत नसेल तर दुसरं काहीतरी त्यावर बसलंय. तो पेन ड्राइव्ह किंवा कार्ड काढा आणि पुन्हा पाहा. याच मेनूत ‘फॉरमॅट’ही असतं, त्यामुळे घाई नको. सी ड्राइव्हला तर हातच लावू नका.

एडिटिंगच्या डिस्कला पहिल्यापासूनच वर्णमालेतलं लांबचं अक्षर द्यावं, एस किंवा व्ही. विंडोज नव्या पेन ड्राइव्हला सुरुवातीची मोकळी अक्षरं वाटत सुटतं, ते तिथवर क्वचितच पोचतं.

पायरी ४: रीलिंक

आमच्याकडे डी ड्राइव्हच उरला नव्हता, म्हणून नवा पत्ता सांगणं भाग होतं.

प्रीमियरमध्ये ‘लिंक मीडिया’च्या खिडकीत पहिली फाइल निवडून ‘लोकेट’ दाबा. डावीकडे नवीन फोल्डर निवडा, ‘सर्च’ दाबा, फाइल सापडली की ‘ओके’. खिडकीतलं ‘रीलिंक अदर्स ऑटोमॅटिकली’ टिक केलेलं असेल तर त्या फोल्डरातल्या आणि त्याच्या आसपास तशाच रचनेत असलेल्या बाकीच्या फाइली ते आपोआप जोडतं. खिडकी चुकून बंद झाली तर प्रोजेक्ट पॅनेलमधल्या लाल क्लिपा निवडा आणि उजव्या क्लिकवर ‘लिंक मीडिया’ घ्या.

दाविंची रिझॉल्व्हमध्ये मीडिया पूलमधल्या तुटलेल्या क्लिपा निवडून उजवी क्लिक, ‘रीलिंक सिलेक्टेड क्लिप्स’, मग सगळ्यात वरचा फोल्डर दाखवा. संपूर्ण फोल्डर तसाच्या तसा हलला असेल तर ‘चेंज सोर्स फोल्डर’ अधिक सोपं पडतं.

शॉटकट उघडतानाच हरवलेल्या फाइलींची यादी दाखवतं. एका ओळीवर डबल क्लिक करून नवी फाइल द्या, किंवा ‘सर्च इन फोल्डर’ दाबून फोल्डर दाखवा. केडेनलाइव्हमध्येही अशीच यादी येते आणि ते उपफोल्डर धुंडाळतं. ही दोन्ही मोफत सॉफ्टवेअरं फाइलच्या नावाबरोबर तिच्या आतल्या डेटावरून काढलेला ठसाही नोंदवून ठेवतात, त्यामुळे नाव बदललेली फाइलही पुष्कळदा ओळखतात. घरगुती वापराला मला ती म्हणूनच आवडतात. जुन्या लॅपटॉपवर अजून विंडोज मूव्ही मेकर जपून ठेवलेल्यांनी पिवळ्या त्रिकोणावर डबल क्लिक करून फाइल दाखवावी. ते सॉफ्टवेअर जानेवारी २०१७ मध्ये बंद झालंय, तेव्हा व्हिडिओ एकदा एक्स्पोर्ट करून मोकळे व्हा.

पायरी ५: लाल गेलं म्हणजे बरोबर जुळलं असं समजू नका

आमचं रीलिंक दोन मिनिटांत झालं. मेहुण्याने चहा मागवला. मी प्ले केलं, तर ‘अक्षता सोहळा’ या टायटलखाली आकाशात दारूकाम फुटत होतं.

झालं होतं असं. कॅमेऱ्याची दोन कार्डं होती आणि दोन्हींवर फाइलींची नावं ००००१, ००००२ अशीच. कॅमकॉर्डर बऱ्याचदा नवं कार्ड घातलं की पुन्हा एकपासून मोजतो, आणि फोटोचे कॅमेरे ९९९९ नंतर परत ०००१ वर येतात. आम्ही सर्वात वरचा फोल्डर दाखवला, तर सॉफ्टवेअरला नावाने जुळणारी जी फाइल आधी दिसली ती त्याने उचलली. सम्मती कट्ट्यावर ‘हर्र बोला हर्र’चा गजर ऐकू यायला हवा तिथे सुतळी बॉम्ब.

यावर उपाय एकच: आपोआप जोडण्याची टिक काढा आणि कार्ड १ च्या क्लिपांना कार्ड १ चा फोल्डर, कार्ड २ च्या क्लिपांना कार्ड २ चा, असं वेगवेगळं जोडा. मग प्रत्येक क्लिपचा कालावधी जुळतो का पाहा. तीन मिनिटांच्या क्लिपच्या जागी चाळीस सेकंदांची आली असेल तर तिथे गडबड आहे. गोप्रोवाल्यांनी आणखी जपावं: लांब चित्रीकरणाचे तो तुकडे पाडतो आणि नावातले फक्त मधले दोन आकडे बदलतो, शेवटचे चार तेच राहतात.

दुसरा घोटाळा व्हॉट्सॲपचा. सासूबाईंच्या फोनवरची एक क्लिप आधी केबलने घेतली होती, ती गहाळ झाली. त्यांनी तीच व्हॉट्सॲपवर पाठवली, तर नाव बदललेलं, आकारही आकसलेला. अशी फाइल हाताने जोडता येते, पण चित्र मऊ दिसतं आणि कधी कट थोडे सरकतात. त्यांना म्हटलं, "आई, व्हिडिओ म्हणून नका पाठवू, डॉक्युमेंट म्हणून पाठवा." मग मूळ फाइल जशीच्या तशी आली. तसंच, नवी फाइल एमपी४ आणि जुनी एमओव्ही असेल तर प्रीमियरमध्ये ‘फाइल एक्स्टेन्शन’ची टिक काढल्याशिवाय ती जुळत नाही.

ज्यांना थोडं खोलात शिरायचंय

शॉटकट आणि केडेनलाइव्हच्या प्रोजेक्ट फाइली म्हणजे साधा मजकूर असतो. दोनशे क्लिपांचा पत्ता एकाच पद्धतीने बदलला असेल तर कॉपी नोटपॅडमध्ये उघडा, ‘रिप्लेस’मध्ये जुन्या फोल्डरचा पत्ता वर, नव्याचा खाली, आणि ‘रिप्लेस ऑल’. तिरक्या रेघा फाइलमध्ये जशा आहेत तशाच ठेवा, तिथेच बहुतेकांचं चुकतं. प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल दाबून बांधलेली असते, ती अशी उघडली तर नुसती चिन्हं दिसतात.

फाइल खरोखरच पुसली गेली असेल तर

मग रीलिंकचा विषय संपला. आधी रिसायकल बिन पाहा. गुगल फोटोजमध्ये ‘फ्री अप स्पेस’ केलं असेल तर व्हिडिओ फोनवरून गेलेला असतो, क्लाउडवर असतो, तिथून उतरवा. कार्डावरून पुसला असेल तर त्या कार्डावर त्यानंतर एकही फोटो काढू नका आणि पुसलेल्या फाइली शोधून काढणारं ‘फोटोरेक’ चालवून बघा. ते मोफत आहे, पण मूळ नावं परत देत नाही. आकड्यांच्या नावांनी शेकडो फाइली मिळतात, त्या कालावधी पाहून ओळखायच्या आणि एकेक जोडायच्या. एक संध्याकाळ हातात ठेवा, शेंगा चटणी-भाकरीही.

पुढच्या गड्ड्यासाठी

कार्ड रिकामं केलं की आधी नावं बदलायची, मग इम्पोर्ट. आम्ही आता ‘२६_मिरवणूक_का१_००१’ असं लिहितो. एका कामाला एक फोल्डर आणि त्यात व्हिडिओ, आवाज, गाणी, फोटो, प्रोजेक्ट असे पाच उपफोल्डर. गाणी आणि लोगो डाउनलोडमध्ये पडलेले असतात तिथूनच ओढायची सवय मोडा. शॉटकटमध्ये प्रोजेक्ट फाइल मात्र व्हिडिओंच्या फोल्डरातच किंवा त्याच्या वरच्या फोल्डरात ठेवा. मग ते फाइलींचा पत्ता प्रोजेक्टच्या हिशेबाने धरतं आणि सगळा फोल्डर कुठेही नेला तरी लिंक तुटत नाही.

काम संपलं की प्रोजेक्ट आणि त्यातल्या सगळ्या फाइलींची एकत्र गठडी बांधा. प्रीमियरमध्ये ‘प्रोजेक्ट मॅनेजर’मधलं ‘कलेक्ट फाइल्स’, केडेनलाइव्हमध्ये ‘आर्काइव्ह प्रोजेक्ट’, रिझॉल्व्हमध्ये ‘एक्स्पोर्ट प्रोजेक्ट आर्काइव्ह’. रिझॉल्व्हची नुसती प्रोजेक्ट फाइल एक्स्पोर्ट केली तर तिच्यात व्हिडिओ येत नाही, ही चूक मी स्वतः केलेली आहे.

मेहुण्याने त्यानंतर नवी डिस्क घेतली आणि तिला एस अक्षर दिलं. डिस्कवर चिकटपट्टी लावून जाड पेनने ‘एस’ लिहिलंय. सासूबाईंना वाटतं, तो सोलापूरचा एस.