आवाज जिन्नाचा आहे, असं पेशंट म्हणतो तेव्हा

मानसिक आजारांच्या वॉर्डात नर्स म्हणून नवीन होते तेव्हाची गोष्ट. भरती करताना एका तरुणाच्या दंडावरचा तावीज मी कात्रीने कापला आणि पिशवीत टाकला. दोरीचा धोका नको, नियमच तसा. तो रात्रभर भिंतीला पाठ लावून जागा राहिला. "सिस्टर, आता ते आत येतील," एवढंच म्हणत होता. तेव्हापासून मी आधी विचारते, दोरी काढून तावीज उशीखाली ठेवला तर चालेल का? बहुतेकांना चालतं.

आवाज जिन्नाचा आहे म्हटलं तर वाद घालू नका आणि होकारही देऊ नका. जिन्नांचा उल्लेख कुराणातच आहे. "असलं काही नसतं" म्हणालात की पेशंट पुढचं सांगायचाच थांबतो. त्यापेक्षा विचारा: आवाज काय सांगतो? स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगतो का? तो सांगेल ते करावंच लागतं का? उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवा आणि इजेची गोष्ट निघाली तर लगेच डॉक्टरांना कळवा.

श्रद्धा कुठली आणि आजार कुठला, हे ओळखायला घरच्यांची मदत घ्या. "हा आधीपासून अशीच नमाज पढायचा का?" पाच वेळच्या नमाजासाठी वुजू करणं, म्हणजे आधी हात-तोंड-पाय धुणं, वेगळं आणि जेवणझोप सोडून तासन्‌तास नळाखाली हात धरून बसणं वेगळं.

रमजानचं बोलणं मात्र महिनाभर आधीच काढा, कारण रोजे सुरू झाले की गोळ्या गुपचूप बंद होतात. मनःस्थिती स्थिर ठेवणारं लिथियम चालू असेल तर फार जपा: शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात जास्त थरथरणं, उलट्या-जुलाब, तोल जाणं दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना बोलवा. ल्युरासिडोन हे मनोविकारावरचं औषध किमान ३५० कॅलरींच्या जेवणासोबतच नीट शोषलं जातं, म्हणून ते इफ्तारनंतरच्या जेवणाबरोबर ठेवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. कॅप्सूलचं जिलेटिन जनावरापासून बनतं म्हणून कुणी नकार दिला तर गोळी किंवा पातळ औषध मिळतं का ते पाहा.

आजाऱ्याला रोज्यातून सूट आहे, कुराणाच्या दुसऱ्या सूरेतच ती दिली आहे. पण हे माझ्या तोंडून ऐकलेलं पेशंटला पटत नाही. म्हणून त्याची परवानगी घेऊन त्याच्या विश्वासातल्या इमामांना बोलवते. आत जाण्याआधी त्यांना एवढीच विनंती करते: दुआ जरूर करा, आणि औषधही चालू ठेव, हे त्याला तुम्हीच सांगा.