आत्मचरित्र लिहायला बसताना

आमच्या मराठवाड्यात निवृत्त झालेले गुरुजी नवी वही आणतात आणि पहिलं वाक्य लिहितात, "माझा जन्म 1 जून रोजी झाला." त्यांच्या वर्गातल्या कितीतरी पोरांचा जन्मही 1 जूनचाच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी अंदाजानं टाकलेली ती तारीख! म्हणून जन्मापासून सुरुवात करूच नका.

आधी एक वस्तू धरा. आमच्या वाड्यात ज्वारीचं पेव होतं, म्हणजे धान्य साठवायचा जमिनीतला खोल खड्डा. तोंडावरची माती काढली की आई आम्हाला लांब हटवायची. कोंडलेली वाफ निघून जाईस्तोवर जवळ फिरकायचं नाही. मग दोरीनं कंदील आत सोडायचा. तो विझला नाही तरच माणूस खाली उतरायचा. उतरायचा तो नेहमी आमचा सालगडी, घरातलं कुणी नाही. हे शेवटचं वाक्य पहिल्या दोन खर्ड्यांत नव्हतंच, तिसऱ्यात आलं. अशा वस्तूंची दहा-बारा पानं झाली की पुस्तकाचा विचार करा.

मग काळ लावा. म्हातारी माणसं सन सांगत नाहीत. "रझाकाराच्या वक्ताला", "बहात्तरच्या दुष्काळात", "किल्लारीच्या साली" असं सांगतात. त्याच खुंट्यांना आठवणी टांगा: 17 सप्टेंबर 1948 ची निजामाच्या राजवटीतून सुटका, 1972 च्या दुष्काळी कामावरची खडी अन् सुकडी, 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारीच्या भूकंपाची पहाट. घरात निजामाच्या काळातले कागद असतील तर त्यातल्या फसली सनात 590 मिळवा, इसवी सन साधारण निघतं. कागद आणि आठवण जुळली नाही तर दोन्ही लिहा. भूकंपाच्या पहाटे थंडीनं कुडकुडत अंगणात बसल्याचं मला पक्कं आठवतं, पण तो तर गणपती विसर्जनानंतरचा पावसाळी दिवस. ती थंडी नसेल, भीती असेल. मी खोडलं नाही, शंका तेवढी शेजारी लिहिली.

लहानपण लिहिताना आजचं शहाणपण बाजूला ठेवा. सात वर्षांच्या पोराला "सरंजामी व्यवस्था" दिसत नाही. त्याला दिसतं की पाणी वरून ओतलं जातंय आणि समोरचा माणूस ओंजळीनं पितोय. तेवढंच लिहा. बोलणंही जसं होतं तसंच ठेवा. आजी लातूरकडची असेल तर ती "कुठं चाललालास?" असंच विचारणार, तिच्या तोंडी पुण्याची भाषा घालू नका.

आता अवघड काम. घरातलं भांडण, बापाचा मार, नवऱ्याचा मार. "लोक काय म्हणतील" इथं बहुतेकांची लेखणी अडते. वेरूळजवळच्या देवगावात जन्मलेल्या संत बहिणाबाईंनी सतराव्या शतकात नवऱ्यानं मारल्याचं अभंगात सांगून ठेवलंय, एवढं लक्षात असू द्या.

पण त्याहून अवघड म्हणजे आपण गप्प बसलो ते लिहिणं. 27 जुलै 1978 ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला. त्या पिढीतल्या सवर्ण घरांतली हस्तलिखितं माझ्याकडं वाचायला येतात. त्यात दुष्काळ असतो, बदल्या असतात, लेकीचं लग्न असतं. 1978 चं पान कोरं. मी पेन्सिलीनं समासात विचारतो, "त्या आठवड्यात तुम्ही कुठं होतात?" कधी उत्तर येतं, कधी वहीच परत येत नाही.

छापण्याआधी वाचून दाखवा, तेही कौतुक करणाऱ्या जावयाला नव्हे, त्या प्रसंगात हजर असलेल्याला. कुणाचं खाजगी असेल तर नाव बदला. पेवाचं पान मी त्या सालगड्याच्या मुलाला वाचून दाखवलं. तो आता तालुक्याला टेम्पो चालवतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बाप पेवातून आला की दोन दिवस अंगाचा आंबूस वास जात नव्हता. माय त्याला बाहेरच निजवायची. हे न्हाई लिवलं तुम्ही."