ग्रामोफोनच्या पेटीचं पॉलिश: माझा अनुभव
वडोदऱ्याला दांडिया बाजारातल्या घरी आजोबांचा एचएमव्ही ग्रामोफोन आहे. पेटी काळपट पडली होती, झाकणावर ओल्या पेल्यांची पांढरी वर्तुळं. पॉलिशवाले भाऊ म्हणाले, "घासून मेलामाइन (आजकालचं कडक, चकचकीत पॉलिश) मारून देतो." मी साफ नाही म्हटलं. जुनं पॉलिश एकदा खरवडलं की गेलंच.

आधी मागच्या बाजूला, न दिसेल तिथे, स्पिरिटचा थेंब टाकला. थर चिकट झाला, म्हणजे लाखेचं पॉलिश. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, टर्पेंटाइनमध्ये नाही. सगळं गणित यावरच. म्हणून मळ टर्पेंटाइनने काढला. फडकं काळंकुट्ट झालं आणि खालून लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या!

पांढरे डाग म्हणजे लाखेत अडकलेली ओल. जुन्या मलमलीत कापूस बांधून पोटली केली, स्पिरिट अगदी नावाला. तळहाताला नुसता गारवा जाणवेल इतकंच. पोटली डागावरून हलक्या हाताने फिरती ठेवायची; थांबली की चिकटते. मग चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून, गाळून, पातळ हात दिले. पोटली सरकावी म्हणून जवसाच्या तेलाचा थेंब. हे काम पावसाळ्यात नको, दमट हवेत लाख पांढुरकी पडते. स्पिरिट पेट घेतं, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद.

झाकणाच्या आतल्या एचएमव्हीच्या कुत्र्याच्या चित्रावर फक्त कोरडा ब्रश. आणि ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) बहुतेक तबकड्यांतही लाखच असते, त्यांना स्पिरिट लावू नका.