माउंटन बाइक टीम रिले: या चुका टाळा

सहा, बारा किंवा चोवीस तासांच्या रिलेत टीममधला एकच जण ट्रॅकवर असतो आणि ठरलेल्या वेळात ज्यांचे लॅप (ट्रॅकच्या फेऱ्या) जास्त, ती टीम पुढे. चढांचा सराव सगळेच करतात. चेंजओव्हरचा, म्हणजे एक रायडर थांबून दुसरा निघतो त्या अदलाबदलीचा, सराव मात्र फार थोड्या टीम करतात. 45 मिनिटांचा लॅप दोन मिनिटांनी खाली आणायला महिनोन्‌महिने घाम गाळावा लागतो. तीच दोन मिनिटं पुढचा रायडर जागेवर सापडला नाही म्हणून एका फटक्यात जातात.

पुढचा रायडर जागेवर नसणं

ट्रॅकवरचा रायडर कधी पोचेल याचा अंदाज चुकतो, कारण तो ताज्या पायांनी मारलेल्या पहिल्या लॅपवरून बांधलेला असतो. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या थांबण्याच्या जागी, एक फळा ठेवा. कोण किती वाजता निघाला, त्याचा मागचा लॅप किती मिनिटांचा होता आणि तो कधी अपेक्षित आहे, हे प्रत्येक चेंजओव्हरला लिहा. घड्याळं शर्यतीच्या घड्याळाशी जुळवा. डोंगरात फोनला रेंज असेलच असं नाही, त्यामुळे ‘फोन करून उठवू’ हा बेत ठेवू नका. पुढच्या रायडरने 15 मिनिटं वॉर्म-अप करून, हेल्मेट आणि ग्लोव्ह्ज घालून, अपेक्षित वेळेच्या 10 मिनिटं आधी उभं राहावं. बाइक हलक्या गिअरवर ठेवावी.

लॅप नोंदवणारी, चेंजओव्हरला पुढच्या रायडरकडे द्यायची चिप घोट्याला बांधायची असेल तर पट्टा मोज्याखाली जाऊ देऊ नका. मोज्यावरून बांधा आणि व्हेल्क्रोचं मोकळं टोक बाहेरच्या बाजूला ठेवा. लॅप संपवून आलेल्याचे हात थरथरत असतात, ग्लोव्ह्ज चिखलाने माखलेले असतात. ते टोक नखाने शोधायची वेळ आली की गेलीच पंधरा सेकंदं. येणाऱ्याने पाय पुढे करावा आणि पट्टा जाणाऱ्याने ओढावा.

खाण्याची वेळ चुकणं

चार जणांच्या टीममध्ये 45 मिनिटांच्या लॅपमागे साधारण सव्वादोन तासांची विश्रांती मिळते. बरेच जण आधी आडवे होतात आणि पाळी जवळ आली की भुकेने पोटभर खातात. मग पहिल्याच चढावर पोटात कळ येते. उलटं करा. आल्यावर पाच-दहा मिनिटं हलकं पेडल मारा, ओले कपडे बदला आणि अर्ध्या तासाच्या आत मुख्य जेवण उरका. नंतर फक्त घोटघोट पाणी आणि सहज पचेल असं थोडं काही.

टायर आणि सुटे भाग

2.3 ते 2.4 इंची ट्यूबलेस टायरमध्ये 70 किलोच्या रायडरला मागे 23 ते 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि पुढे दोनने कमी, इथून सुरुवात करा. दुपारी 30 अंशांत भरलेली हवा रात्री 10 अंशांवर जवळजवळ अडीच पीएसआयने उतरते. भोक कुठेच नसतं, तरी रिम दगडावर आपटू लागते. म्हणून रात्रीच्या लॅपआधी पुन्हा मोजा, आणि तेही त्याच गेजने.

पंक्चर झालं तर भोक खाली येईल असं चाक फिरवा, म्हणजे टायरमधलं सीलंट (भोक बुजवणारा द्रव) तिथे गोळा होईल. तरीही फुसफुस थांबली नाही तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) घाला. तोही टिकला नाही तरच ट्यूब टाका, पण त्याआधी टायरच्या आतून बोट हळूच फिरवून काटा शोधून काढा. नाहीतर नवी ट्यूब शंभर मीटरवरच बसेल. सीओटूने (छोट्या नळकांड्यातल्या कार्बन डायऑक्साइडने) भरलेलं चाक साध्या हवेपेक्षा लवकर उतरतं; पिटमध्ये आल्यावर पंपाने भरून घ्या.

डिरेल्युर हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेल्युर फ्रेमला जोडणारा तुकडा) ‘टीमसाठी एक’ आणून भागत नाही. मॉडेलगणिक तो वेगळा असतो, त्यामुळे प्रत्येक बाइकचा आपापला हवा. क्विक लिंकही (चेन जोडायची सुटी कडी) तशीच. 11 स्पीडची लिंक 12 स्पीडच्या चेनला चालत नाही. पडल्यानंतर गिअर अडखळायला लागले तर हँगर वाकलेला असू शकतो. अशा वेळी मागच्या सर्वांत मोठ्या चक्रावर जाऊ नका, डिरेल्युर थेट आऱ्यांत शिरेल. वाळूमिश्रित चिखलात रेझिनचे ब्रेक पॅड भराभर झिजतात. नवे घातले की वीसेक वेळा वेग घेऊन ब्रेक दाबून ते बसवा, मगच ट्रॅकवर जा.

दिव्यांची चाचणी शर्यतीआधीच, पूर्ण प्रकाशावर आणि घड्याळ लावून करा. खोक्यावर छापलेले तास बहुधा मंद प्रकाशाचे असतात. एक दिवा हँडलवर, एक हेल्मेटवर. वळणावर नजर जाते तिकडे हेल्मेटचाच उजेड पोचतो.

नियम न वाचणं

ट्रॅकवर बाइक मोडली की घाबरून ती तिथेच टाकून, आडवाटेने पळत येणारे असतात. असा लॅप सहसा धरत नाहीत. अनेक शर्यतींत चिपवाल्यानेच बाइक ढकलत किंवा खांद्यावर घेऊन ट्रॅकवरूनच चेंजओव्हरपर्यंत यावं लागतं. शेवटच्या लॅपचा नियमही आधीच विचारून ठेवा. काही ठिकाणी वेळ संपण्याआधी सुरू केलेला लॅप धरतात, काही ठिकाणी फक्त वेळेत पूर्ण झालेला. दुसऱ्या प्रकारात शेवटून उलटं मोजा. 50 मिनिटं उरली असतील आणि दमलेल्या रायडरचा लॅप 52 मिनिटांचा होत असेल, तर पाळी मोडून सर्वांत वेगवान रायडरला पाठवता येतं का, हे आयोजकांकडून सुरुवातीलाच कळायला हवं.