जुन्या थंडरबर्डवर पैसे घालायचे तर कुठे घालायचे

माझी 2010 ची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ट्विनस्पार्क आहे, 350 वाली. टूरचं प्लॅनिंग सुरू झालं की असलीच गाडी असलेला कोणीतरी विचारतोच, "अरे आता ओढत नाही, फ्रीफ्लो (धूर मोकळा सोडणारा, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर) आणि मोठा एअर फिल्टर टाकू का?" टाकू नको. आधी गाडी नवी असताना जेवढी ओढायची तेवढी ओढते का ते बघ.

कागदावर हे इंजिन 346 सीसीचं, पॉवर 19.8 बीएचपी आणि टॉर्क 28 एनएम. म्हणजे मुळातच कमी. त्यातले दोन-तीन बीएचपी पंधरा वर्षांत कुठे गळाले ते शोधणं हाच सगळ्यात स्वस्त अपग्रेड, पण ते कोणाला सांगितलं की तोंड वाकडं होतं कारण त्यात चकचकीत काही दिसत नाही.

तर गाडी मेन स्टँडवर घ्या, न्यूट्रल करा, मागचं चाक हाताने फिरवा. अर्ध्या फेरीत थांबलं तर ब्रेकचे लायनर घासतायत नाहीतर चेन नको तेवढी ताणलीय. पुढच्या डिस्कचंही तसंच, कॅलिपरचा पिस्टन जाम असेल तर ब्रेक सोडला तरी पॅड धरून ठेवतात आणि तुम्ही पेट्रोल जाळून ब्रेक तापवत फिरता. मग चढावर चौथ्या गिअरमध्ये फुल रेस देऊन बघा, इंजिनचा आवाज चढला आणि स्पीडचा काटा तिथेच राहिला तर क्लचप्लेटा गेल्या. आणि कोणी "टॅपेट सेट करून देतो" म्हणाला तर तिथून निघा, या इंजिनात व्हॉल्व्हचे टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबाने आपोआप सेट होणारे, हाताने सेट करायला काही नाहीच.

माझी गाडी सत्तरच्या पुढे मेल्यासारखी व्हायची. दोन गॅरेजवाल्यांनी इंजिन खोलायला लागेल म्हणून सांगितलं. शेवटी रविवारी घरीच कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडलं, आतला रबरी डायफ्राम खिडकीच्या उजेडाकडे धरला तर कडेला टाचणीएवढं भोक! हा सीव्ही कार्बोरेटर असतो, त्यातला स्लाईड हवेच्या दाबाने वर जातो, भोक पडलं की तो पूर्ण उचलतच नाही. डायफ्राम बदलला, गाडी परत नव्वदला आरामात.

फ्रीफ्लोचं पाप मीही केलंय, खोटं कशाला बोलू. लावल्यावर गाडी भन्नाट पळते असं वाटलं, मग जुन्या कात्रज घाटात त्याच चढावर चौथ्या गिअरमध्ये 40 ते 70 ला किती सेकंद लागतात ते मागे बसलेल्या मित्राला मोबाईलवर मोजायला लावलं, दोन्ही सायलेन्सरवर तीन-तीनदा, आणि फरक काही नाही, नुसता आवाज. वर कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारी छोटी नळी) न बदलता लावलेला, त्यामुळे मिक्श्चर लीन झालं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, रेस सोडली की फटाके, आणि प्लग काढला तर पांढराफटक. लांबच्या रनला असं इंजिन जास्त तापतं. पोलीस असले सायलेन्सर रोलरखाली घालतात ते वेगळंच, आणि 15 वर्षांनी आरसी रिन्यू करायला आरटीओत गाडी दाखवावी लागते तेव्हा ओरिजिनलच लागतो. मोठं पिस्टन-बोअर करणं तर मी विचारातच घेत नाही, सीसी बदलली की आरसीवरचा आकडा खोटा ठरतो आणि क्लेमच्या वेळी इन्शुरन्सवाल्याला आयतं कारण मिळतं.

आणि हे बघा, कंपनीने 2020 ला थंडरबर्डच्या जागी मिटिओर आणली, इंजिन पूर्ण नवं, तरी पॉवर किती? 20.2 बीएचपी. टॉर्क तर उलट 27 वर आला. त्यांनी घातला बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे थरथर कमी केली. टूरिंगला माणूस पॉवरने नाही, थरथरीने थकतो.

चेनच्या पुढच्या स्प्रॉकेटला (दातेरी चाकाला) एक दात वाढवला तर ऐंशीला इंजिन थोडं शांत चालतं, खर्चही कमी. पण डबल सीट आणि सामान घेऊन घाट चढायचे असतील तर एक गिअर आधीच खाली टाकावा लागतो. मी लावून परत काढला, कारण माझं निम्मं फिरणं कोकणात.

मग पैसे कुठे? शॉकअप, पुढचं फोर्क ऑइल, कोनसेट (हँडलचे बेअरिंग), चांगले टायर. ब्रेकचा रबरी पाइप पंधरा वर्षांचा असेल तर स्टीलच्या जाळीचा टाका, लिव्हर दाबल्यावर मऊ लागत नाही. आणि हेडलाइटला रिले, म्हणजे बल्बचा करंट हँडलच्या स्विचमधून न नेता थेट जोडणारा छोटा स्विच. माझ्याकडे मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर 12.8 आणि बल्बवर फक्त 11.1 व्होल्ट, बाकीचं जुन्या वायरिंगने आणि स्विचने खाल्लेलं. रिले टाकून बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, बल्ब तोच, ताम्हिणीत रात्री रस्ता दिसायला लागला.

एवढं करूनही हायवेवर शंभरला पळायचंच असेल तर ही गाडी विका आणि 650 सीसीची घ्या. विकताना ओरिजिनल सायलेन्सर माळ्यावरून काढून लावायला विसरू नका, येणारा गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतो.