साहित्यप्रकारानुसार वाचन शिकवताना या चुका टाळा

सहावी ते आठवीच्या वर्गांना मी अनेक वर्षे भाषा आणि विज्ञान शिकवते. या काळात सर्वाधिक दिसलेली चूक म्हणजे प्रत्येक मजकूर एकाच पद्धतीने वाचून घेणे. एका मुलाने प्रकट वाचन करायचे, बाकीच्यांनी कठीण शब्द अधोरेखित करायचे, बाईंनी फळ्यावर अर्थ लिहायचे आणि सर्वांनी स्वाध्यायाकडे वळायचे, हा क्रम कथेला लागू पडला तरी विज्ञानातील कृतीला लागू पडत नाही.

हे मला एका प्रसंगाने शिकवले. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो, हे दाखवण्यासाठी चुन्याच्या निवळीत नळीने हवा फुंकायची आणि निवळी दुधाळ होताना पाहायची, असा सातवीचा प्रयोग होता. आदल्या दिवशी एका मुलाने ती कृती न अडखळता वाचली होती आणि मी त्याचे कौतुकही केले होते. प्रयोगाच्या दिवशी त्याच मुलाने नळी तोंडात धरली आणि फुंकण्याऐवजी निवळी ओढली. त्याला ताबडतोब भरपूर चुळा भरायला लावल्या आणि सुदैवाने तोंडाची आग होण्यापलीकडे काही झाले नाही. नंतर विचारल्यावर तो म्हणाला, "बाई, नळीने तर ओढतात ना?" त्याने वाक्य उच्चारले होते, पण त्यातील क्रियापदाने त्याला काय करायला सांगितले आहे, हे त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. चूक माझी होती, कारण अस्खलित उच्चारालाच मी आकलन समजले होते.

तेव्हापासून कृतिपर मजकूर मी दोनदा वाचून घेते. पहिल्या वाचनात फक्त साहित्याची यादी पाहून वस्तू मांडायच्या. दुसऱ्या वाचनात प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवायचे आणि ती क्रिया रिकाम्या हातांनी करून दाखवायची. सर्व गटांचे हे होईपर्यंत पेल्यात निवळी ओतली जात नाही. यात अर्धी तासिका जाते, अशी तक्रार नवे शिक्षक करतात, पण ती अर्धी तासिका वाचवण्याचा प्रयत्न मी पुन्हा कधीही करणार नाही.

दुसरी चूक कवितेची आहे आणि ती मला अधिक लागते. कविता ऐकण्यापूर्वीच तिचा सरळ अर्थ फळ्यावर लिहिला जातो किंवा गाइडमधून उतरवून दिला जातो, आणि त्यानंतर मुलाला कवितेकडे पाहण्याचे कारणच उरत नाही. तुकारामांच्या "जे का रंजले गांजले । त्यासि म्हणे जो आपुले" या ओळीचा अर्थ सांगताना मुले ओळ संपली तिथेच थांबतात आणि दुःखितांना आपले म्हणावे, एवढेच सांगतात. पण वाक्य तिथे संपलेले नाही. "जो" हा शब्द आपल्या जोडीदाराची वाट पाहतो आणि तो जोडीदार पुढच्या ओळीत, "तोचि साधु ओळखावा" इथे भेटतो. चरण कुठे संपतो आणि वाक्य कुठे संपते, हे वेगवेगळे शोधणे हेच अभंगाच्या वाचनातील खरे कौशल्य आहे. त्यासाठी मी मुलांना आधी बोटांवर अक्षरे मोजायला लावते. अभंगाच्या या लहान प्रकारात चरणाला आठ अक्षरे येतात, हे त्यांचे त्यांनाच सापडते. मग "जो–तो", "जेथे–तेथे", "जैसे–तैसे" अशा जोड्या शोधायच्या. पहिल्या तासिकेत मी अर्थाचा एक शब्दही बोलत नाही. अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई मला कळते, पण आयता अर्थ पाठ केलेले मूल पुढच्या अपरिचित अभंगापाशी पुन्हा तितकेच असहाय असते.

बातमी गोष्टीसारखी वाचू देऊ नये. तिचा गाभा बहुधा पहिल्याच परिच्छेदात असतो, म्हणून तिथे थांबून ही माहिती कोणी दिली, हे आधी विचारावे. जाहिरातीत सर्वांत बारीक अक्षरे प्रथम वाचायला लावावीत. भूगोलाच्या पाठात मुले नकाशा आणि तक्ता ओलांडून पुढे जातात, म्हणून माझ्या वर्गात आकृती आणि तिच्याखालची ओळ आधी वाचली जाते आणि परिच्छेद नंतर.

"कथेसाठी अंदाज, माहितीपर पाठासाठी टिपणे, कवितेसाठी रसग्रहण" असा तक्ता भिंतीवर लावून तो पाठ करून घेणाऱ्यांशी माझे मुळीच जमत नाही. जूनमध्ये तक्ता लावून जुलैमध्ये फळ मागणाऱ्यांना मी एकच सवय सुचवते. नवा मजकूर शीर्षक झाकून द्यावा आणि दोन मिनिटांत विचारावे, "हे काय आहे, आणि कशावरून?" संवादापूर्वी पात्राचे नाव दिसते, तारीख आणि गावाचे नाव दिसते, यादी दिसते, असे मुले सांगू लागतात. अलीकडे एका नाट्यउताऱ्याच्या वेळी, एरवी गप्प राहणाऱ्या एका मुलीने कंसातील "थबकून" या शब्दाकडे बोट दाखवले आणि हे वाचायचे नसून करायचे आहे, असे सांगितले.